ध्रुववीणा, चलवीणा आणि लेसरचा किरण

स्वर कानांनी ऐकावा आणि तोच डोळ्यांनी पाहावा, ही हौस मनुष्यास फार जुन्या काळापासून आहे. हल्ली गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवरून हिरव्या-तांबड्या किरणांचे झोत सुटताना जे पाहतात, त्यांस ही एक अगदी नवी, परदेशातून आलेली आणि केवळ धांगडधिंग्यासाठी निघालेली टूम वाटते. सभ्य कुटुंबांतील मंडळी तिच्याकडे पाठ फिरवितात. आणि गेल्या काही वर्षांत तिने जे अपाय केले ते पाहता त्यांस दोष देता येत नाही. परंतु किरणास स्वरावर नाचविण्याच्या या विद्येचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, ती मुळात गोंगाटाच्या घरची नव्हे. दोन स्वर एकमेकांशी नेमके जुळले की नाही, हे पडताळून पाहण्याच्या खटाटोपातून ती निघाली. आणि तो खटाटोप आपल्या मराठवाड्यास परका नाही. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा लेख आम्ही बीड शहराच्या दक्षिणेस, बिंदुसरेच्या तलावाजवळ वसलेल्या पाली या गावी लिहीत आहो. येथून जाणारा सोलापूर-धुळे हमरस्ता उत्तरेस धरला म्हणजे बीड आणि छत्रपती संभाजीनगर मागे टाकून आपण देवगिरीच्या टापूत पोचतो. या देवगिरीस तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याचे स्वतःचे काम दरबारच्या दप्तराचे आणि हिशेबाचे. परंतु त्याचे नाव राहिले ते हिशेबामुळे नव्हे, तर 'संगीतरत्नाकर' या ग्रंथामुळे. त्या ग्रंथातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट रंगांची. शार्ङ्गदेव सात स्वरांस सात वर्ण नेमून देतो. षड्ज कमळासारखा तांबूस, ऋषभ पिंजट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र, अशी ती यादी आहे. तीस परंपरेचा आधार असेल. परंतु षड्ज तांबडाच का आणि पंचम काळाच का, याचा पडताळा पाहण्याचे साधन तीत नाही. उद्या कोणी उलट सांगितले तर त्यास खोडून काढावयाचे कसे?

दुसरी गोष्ट याहून निराळ्या जातीची आहे. ती म्हणजे दोन वीणांचा प्रयोग. भरताने तो पूर्वीच सांगितला होता. शार्ङ्गदेवाने तो बावीस तारांच्या दोन सारख्या वीणा घेऊन अधिक स्पष्ट केला. एक वीणा जशी लावली तशीच ठेवावयाची, ती ध्रुववीणा. दुसरीचे स्वर एकेका श्रुतीने उतरवीत न्यावयाचे, ती चलवीणा. दुसऱ्या उतरणीस चलवीणेचे गांधार आणि निषाद हे ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवत यांत मिळून जातात. तिसऱ्या उतरणीस ऋषभ आणि धैवत हे षड्ज आणि पंचम यांत मिळतात. आणि चौथीस षड्ज, मध्यम, पंचम हे खालच्या स्वरांत लीन होतात. येथे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. दोन तारा जुळल्या तर जुळल्या, नाही तर नाही. निवाडा कान करितो. एक स्थिर आणि एक बदलता असे दोन नाद शेजारी ठेवून त्यांचे नाते ओळखावयाचे, ही ती युक्ती. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

युरोपातही या दोन वाटा वेगवेगळ्या चाललेल्या दिसतात. रंगांच्या वाटेने जाणारे पुष्कळ झाले. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात वर्णपटाचे सात भाग पाडून ते सप्तकाच्या सात अंतरांशी ताडून पाहिले. पुढे १७२५ साली कास्तेल नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने, पट्टी दाबताच रंग दिसेल अशा वाद्याची कल्पना मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रिमिंग्टनने विजेच्या दिव्यांचा रंग-ऑर्गन केला. स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराने आपल्या 'प्रोमिथियस' या रचनेत वाद्यवृंदाबरोबर प्रकाशाचीही ओळ लिहून ठेविली, आणि १९१५ साली न्यूयॉर्क येथे ती रचना रंगीत प्रकाशासह सादर झाली. हे सर्व प्रयत्न मनोरम खरे. परंतु शार्ङ्गदेवाच्या वर्णयादीत जी अडचण, तीच येथेही. कोणता स्वर कोणत्या रंगाचा हे माणूस ठरवितो. स्वर स्वतः काही बोलत नाही.

स्वरास स्वतःचे चित्र काढावयास लावले ते दुसऱ्या वाटेच्या लोकांनी. १८१५ साली अमेरिकेतील सेलम गावच्या नॅथॅनिएल बाउडिचने दोन ठिकाणी टांगलेल्या लंबकाच्या वेड्यावाकड्या वाटांचा अभ्यास केला. एकमेकांशी काटकोनात असलेली दोन आंदोलने एकत्र आली म्हणजे कोणत्या आकृती निघतात, हे त्यामुळे कळले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी ज्यूल आंत्वान लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने हेच काम नादावर करून दाखविले. त्याने दोन नादकाटे घेतले. एक उभा कंप पावेल आणि दुसरा आडवा, असे ते बसविले, आणि प्रत्येकाच्या टोकास एक चिमुकला आरसा लाविला. दिव्याचा बारीक किरण पहिल्या आरशावरून दुसऱ्यावर आणि तेथून पडद्यावर टाकला. काटे वाजू लागताच पडद्यावरचा ठिपका धावू लागला; आणि दृष्टीस ठिपक्याऐवजी अखंड रेघ दिसू लागली.

त्या रेघेचा आकार दोन नादांच्या नात्यावर अवलंबून असतो. दोन्ही काट्यांचा स्वर एक असेल तर तिरपी रेघ, लंबवर्तुळ किंवा वर्तुळ दिसते. एक षड्ज आणि दुसरा तार षड्ज असेल, म्हणजे कंपसंख्यांचे प्रमाण एकास दोन असेल, तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती पडते. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन. त्याची दोन आणि तीन वेढ्यांची सुरेख गुंफण होते. स्वर तंतोतंत जुळलेले असतील तर आकृती जागच्या जागी स्थिर राहते. किंचित जरी बिनसले तरी ती हळूहळू कुशी बदलू लागते. १०० आणि १५० कंपांचे दोन नाद असले तर चित्र निश्चल. दुसरा अर्ध्या कंपाने चढून १५०.५ झाला की तेच चित्र सेकंदास एक या गतीने आपली सर्व रूपे दाखवून पुन्हा मूळ रूपावर येते. तंबोरा लावताना पंचम षड्जाशी मिळत आला म्हणजे नादातील हेलकावे मंदावत जातात आणि शेवटी शांत होतात, हे गाणाऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणासही ठाऊक आहे. ती शांतता लिसाजूने डोळ्यांस दाखविली. फ्रान्सने १८५९ साली वाद्यांचा प्रमाणस्वर सेकंदास ४३५ कंपांचा ठरविला, त्या समितीत लिसाजू होता, यात नवल नाही.

लिसाजूने शार्ङ्गदेव वाचला होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसे सांगणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. आमचे म्हणणे एवढेच की, एक स्थिर आणि एक चल नाद घेऊन त्यांच्या संवादाची परीक्षा करणे, ही बुद्धीची वाट दोन्ही ठिकाणी एकच आहे. महाराष्ट्रात ती वाट पुढेही मोडली नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची कंपसंख्या मोजण्याचा ध्यास घेतला आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य घेऊन १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांस साथ दिली, आणि त्यातून श्रुति-हार्मोनियम निघाला. बडोद्यास १९१६ साली भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यावर बराच वाद झाला. गायकाच्या गळ्यातील श्रुती पट्ट्यांच्या पेटीत कोंडता येते की नाही, हा तो वाद. त्याचा निकाल काही लागो. स्वराचे मोजमाप हा विषय मराठी मनुष्याने उसना घेतलेला नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आता लेसरकडे वळू. लिसाजूच्या दिव्याचा किरण थोड्याच अंतरावर पसरून फिका पडे. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमनने पहिला लेसर पेटविला, तेव्हा न पसरता लांबवर सरळ जाणारा प्रखर किरण प्रथमच मनुष्याच्या हाती आला. त्याच दशकात नाद उत्पन्न करण्याची साधनेही पालटली. रॉबर्ट मूगने १९६४ साली आणि त्याच सुमारास सान फ्रान्सिस्कोकडे डोनाल्ड बुक्लाने असे विजेचे वाद्य सिद्ध केले की, ज्याचे खण सुटे असतात. एक खण कंप उत्पन्न करितो, दुसरा त्यातील तीक्ष्ण अंश गाळतो, तिसरा लहानमोठेपणा ठरवितो. आणि वाजविणारा मनुष्य वायरींनी हे खण हवे तसे जोडतो. यालाच मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. त्यातील खरी नवलाई अशी की, सर्व खणांस समजणारी भाषा एकच, ती म्हणजे व्होल्टेज. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट चढविला की स्वर एक सप्तक वर जातो. ज्या विजेने एक खण वाजतो तीच वीज दुसऱ्या खणास हुकूम देऊ शकते.

मग तीच वीज आरशास का हुकूम देणार नाही? हा विचार लोवेल क्रॉस या अमेरिकन संगीतकारास सुचला. तो पूर्वीपासून संगीताची वीज चित्रनलिकेच्या पडद्यावर सोडून आकृती काढीत असे. कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेज येथे ९ मे १९६९ रोजी त्याने, कार्सन जेफ्रीज हा पदार्थवैज्ञानिक आणि डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक यांच्यासह, रंगीत लेसरचा प्रयोग केला. किरणाच्या वाटेत दोन चिमुकले आरसे होते, विद्युत्प्रवाहमापकाच्या काट्याप्रमाणे हलणारे. एक किरणास आडवा नेई, दुसरा उभा. आरशांस वीज मिळे ती संगीताची. म्हणजे नादकाट्यांच्या जागी आंदोलक आले आणि दिव्याच्या जागी लेसर. बाकी सर्व व्यवस्था लिसाजूचीच. पुढच्या वर्षी जपानातील ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात, पेप्सी कंपनीच्या मंडपात, क्रॉसने हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर उभा केला.

या हकिगतीतील ट्यूडरचे नाव आपल्या देशाच्या दृष्टीने विशेष आहे. मिल्स कॉलेजातील प्रयोगानंतर काही महिन्यांतच, १९६९ च्या शरदात, तो अहमदाबादेस आला. तेथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत गीता साराभाई यांच्या पुढाकाराने विजेच्या संगीताची एक खोली उभारावयाची होती. याच गीताबाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकारास हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली होती. ट्यूडरने अहमदाबादेत मूगचे सुट्या खणांचे वाद्य बसवून दिले आणि वापरावयास शिकविले. गीताबाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी त्यावर १९७२ पर्यंत रचना केल्या. तेथील काम मुख्यतः ध्वनीचे होते. पुढे ती खोली बंद पडली, टेपा कपाटात पडून राहिल्या आणि २०१७ च्या सुमारास पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या धुंडाळीपर्यंत त्यांची आठवण फारशा कोणास नव्हती. २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. ज्या हातांनी जगातील आरंभीच्या स्वरचालित लेसर प्रयोगात भाग घेतला, ते हात त्याच वर्षी मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर होते. आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात आपले शास्त्रज्ञ लेसर घडवू लागले होते. दोन्ही धागे जवळ आले, परंतु गाठ बसली नाही. परिणाम असा की, लेसर आपल्याकडे संगीतकाराच्या हातून न येता पुढे भाड्याच्या सामानाबरोबर आला.

आज ही कला करणाऱ्यांची जगात एक लहानशी परंतु उत्साही मंडळी आहे. त्यांची रीत थोडक्यात सांगतो. एका आंदोलकाची वीज आडव्या आरशास आणि दुसऱ्याची उभ्या आरशास द्यावयाची. तांबडा, हिरवा आणि निळा या तीन किरणांची प्रखरता आणखी तीन विजांनी कमीजास्त करावयाची. पहिला आंदोलक ध्रुव ठेवून दुसरा हळूहळू सरकवीत गेले की भिंतीवर एकामागून एक आकृती फुलतात, आणि प्रत्येक शुद्ध प्रमाणापाशी क्षणभर थबकतात. देवगिरीच्या दोन वीणा जणू पुन्हा एकदा समोरासमोर येतात. यात अडचणीही आहेत. आरसा कितीही लहान असला तरी त्यास वजन आहे. कान ज्या हजारो कंपांचे नाद ऐकतो तितक्या वेगाने तो मोठे झोके घेऊ शकत नाही. म्हणून संपूर्ण गाणे जसेच्या तसे आरशांवर सोडले तर चित्र न होता गुंता होतो. किरणास द्यावयाचा नाद वेगळा, साधा आणि विचारपूर्वक निवडावा लागतो. या कलेत काय सोडून द्यावे हे कळणे मोठे. आणि ही गोष्ट आलापी करणाऱ्यास नव्याने सांगावयास नको.

आमच्या रस्त्यांवर जे दिसते त्यात या सर्वांपैकी काय उरले आहे? तेथील बहुतेक झोत कोणत्याही स्वराचे अंकित नसतात. यंत्रात आधीच भरून ठेवलेली नक्षी चालू असते; तीस ठेका सुचलाच तर ढोलाच्या दणक्याचा, तोही केवळ चालू-बंद होण्यापुरता. आणि किरण सोडावयाचा तो भिंतीवर नव्हे, तर माणसांच्या चेहऱ्यांवर. २०२३ सालच्या गणेशोत्सवानंतर पुणे आणि नाशिक येथे दृष्टिपटलास इजा झालेले तरुण नेत्रवैद्यांकडे आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. पुढच्या वर्षी कोल्हापूरकडूनही तशाच आल्या. २०२४ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि पुणे पोलिसांनी त्या उत्सवात असे झोत वापरण्यास मनाई केली.

अपाय कसा होतो हे प्रत्येक आईबापांनी समजून घेण्याजोगे आहे. डोळ्याचे भिंग येणारा प्रकाश एका बिंदूत गोळा करिते. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पांगलेला असतो. लेसरचा किरण मात्र जवळजवळ जसाच्या तसा दृष्टिपटलाच्या सुईच्या अग्राएवढ्या जागेवर एकवटतो. पापणी मिटावयास सुमारे पाव सेकंद लागतो. किरण एका सहस्रांश वॅटच्या आतला असेल तर एवढ्या अवधीत सहसा इजा होत नाही. मोठ्या समारंभांतील लेसर तर अनेक वॅटचे, म्हणजे हजारो पटींनी प्रखर असतात. त्यांच्यापुढे पापणीचे काही चालत नाही. इजा होताना वेदना नसते, आणि दृष्टिपटलाचा जळालेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. त्यातही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, वेगाने फिरणाऱ्या किरणाची शक्ती वाटली जाते. सर्वांत घातक तो थांबलेला किरण. आरसा बिघडून थांबला की किरण आपोआप विझावा, अशी सोय चांगल्या यंत्रात करितात. अमेरिकेतील नियम तर असा आहे की, प्रेक्षक उभे असतील त्या जमिनीपासून किमान ३ मीटर उंचीवरूनच असा किरण जावा. मिरवणुकीतील ट्रॉलीवर अशी सोय आहे की नाही, हे विचारणारा मनुष्य आपल्या मंडळांत कितीसा आढळतो?

केवळ बंदी हा यावरचा पुरता उपाय आहे असे आम्हांस वाटत नाही. डोळ्यांच्या रक्षणासाठी ती अवश्य हवी, आणि ती कडकपणे पाळली जावी. परंतु बंदीने हौस मरत नाही. ती दुसरी एखादी वाट शोधते. जी तरुण मंडळी वर्गणी गोळा करून असले सामान भाड्याने आणितात, त्यांच्यात यंत्राची आवड आहे, हातात कसब आहे, आणि रात्र रात्र जागण्याची तयारी आहे. त्यांस या किरणाचे खरे कूळ कोणी सांगितलेले नाही, एवढीच उणीव. आमचे शास्त्राचे शिक्षक लिसाजूच्या आकृती फळ्यावर काढून दाखवितात, आणि संगीताचे शिक्षक श्रुतींची संख्या पाठ करवितात. हे दोन्ही धडे एकच आहेत हे विद्यार्थ्यास कळत नाही.

ते कळण्यास लेसरचीही गरज नाही. पालीसारख्या गावी ऊन भरपूर आहे, आणि एवढ्या कामास ते पुरेसे आहे. दोन्ही तोंडे कापलेला एक पत्र्याचा डबा घ्यावा. एका तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधावे, त्यावर मध्यापासून थोडा बाजूला नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवावा. खिडकीतून येणारे ऊन त्या तुकड्यावर घेऊन कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडावा, आणि दुसऱ्या तोंडाशी मुलास षड्ज लावावयास सांगावा. कवडसा भिंतीवरच पाहावयाचा. आरशात डोकवावयाचे नाही, एवढे पथ्य पाळावे. स्वर स्थिर असेल तर भिंतीवर वेढ्यांची स्वच्छ आकृती उभी राहील. गळा हलला की ती थरथरेल. त्या मुलास शार्ङ्गदेव, लिसाजू आणि क्रॉस ही तिन्ही नावे एका दुपारी समजतील, आणि पुढे मोठेपणी त्याच्या हाती खरा लेसर आला तर तो किरण भिंतीवर ठेवावयाचा की शेजाऱ्याच्या डोळ्यात घालावयाचा, हे त्यास निराळे शिकवावे लागणार नाही.